पहिल्या नऊ सुरांपुढे

सोसायटीतल्या एका मुलीच्या पियानो क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. अशा कार्यक्रमांना पुण्यात नाही म्हणता येत नाही. मुलीची आई लिफ्टमध्ये गाठते आणि चौथा मजला येईस्तोवर आपण हो म्हणून बसलेलो असतो. तर गेलो. कोथरूडमधलं छोटं सभागृह, एसी इतका की बायकांनी पदर खांद्यावरून घेतलेले, आणि कार्यक्रमानंतर समोसा-कॉफी आहे हे निवेदिकेने सुरुवातीलाच सांगून टाकलेलं, म्हणजे मधेच कुणी उठायला नको. मुलं एकेक करून येत होती, वाकून नमस्कार करत होती, वाजवत होती, आईबाप मोबाईल उंच धरून मागच्यांचं डोकं उठवत होते. मग आमची मुलगी आली. स्टूल पुढे ओढलं आणि सुरू झाली. पहिले चार-पाच सूर कानावर पडले मात्र, मी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि झटकन मान वळवून मागे बघितलं. गाडी मागे येतेय! शेजारच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर खुर्चीच बाजूला सरकवली. आमची नजरानजर झाली, आणि दोघेही काही घडलंच नाही असं दाखवत पुन्हा स्टेजकडे बघायला लागलो.

इथपर्यंत ठीक होतं. पण मुलगी थांबली नाही. तिने ते पुढे वाजवलं.

याला पुढे आहे?

नुसतं पुढे आहे असं नाही, चांगलं ऐसपैस आहे. मधे एकदम उन्हात आल्यासारखी हसरी ओळ येते, मग डावा हात खाली एकच सूर घुमवत राहतो आणि वर काहीतरी घोंघावतं, मग पुन्हा ती पहिली ओळ परत येते. मी ही धून आयुष्यभर ऐकत आलोय, पण पहिल्या ओळीच्या पलीकडे माझी तिची ओळखच नव्हती. आणि ती ओळख होती ती मारुती व्हॅनच्या बुडाशी लावलेल्या एका काळ्या भोंग्यामार्फत. समोसा खाताना, घरी येताना, रात्री गादीवर पडल्यावर हेच डोक्यात. म्हणजे बीथोव्हनने १८१० साली हे ‘फ्यूर एलिझे’ (एलिझेसाठी) एवढं सगळं लिहून ठेवलं आणि आमच्यापर्यंत पोचले ते नऊ सूर.

यात तसा दोष कुणाचाच नाही, वायरिंगचा आहे. रिव्हर्स गिअर टाकला की मागचा पांढरा दिवा लागतो, आणि त्याच दिव्याच्या वायरवर तो भोंगा जोडलेला असतो. दिवा विझला की धून तुटते. पुन्हा लागला की ती राहिली होती तिथून सुरू होत नाही, पहिल्यापासून होते. आमच्या जुन्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका रोज संध्याकाळी व्हॅन लावायचे. जागा चिंचोळी, एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी कायम आजारी स्कूटर. काका थोडे मागे यायचे, पुन्हा पुढे, चाक वळवायचं, पुन्हा मागे. प्रत्येक वेळी टी-डी-टी-डी-टी... की लगेच बंद. आमचे वॉचमन मूळचे लातूरकडचे. ते मागे उभे राहून दोन्ही हातांनी बोलवायचे, ‘येऊ द्या... येऊ द्या... आजून... आजून... बस्स!’ आणि बस्स म्हणताना डिकीवर अशी थाप मारायचे की काका आत दचकायचे. या थापेने धून कायमची मिटायची. मग हँडब्रेकचा करकर आवाज, काचा वर, आणि पाठोपाठ वरून कुकरची शिट्टी. हा क्रम इतका पक्का होता की मधलं काही गळलं तर जेवायची वेळ चुकल्यासारखं व्हायचं.

धून कोणती लावायची हे गाडीवाल्याच्या हातात फारसं नसे. ॲक्सेसरीजच्या दुकानात जो भोंगा शिल्लक असेल तो. त्यामुळे गल्लीत एक गाडी ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवत मागे यायची. ते ऐकून सावधान उभं राहावं की बाजूला व्हावं, हा प्रश्न मला लहानपणी खरोखर पडायचा. दुसरी एक गाडी ‘हॅपी बर्थडे’ वाजवायची, आणि वर्षभर रोज कुणाचा तरी वाढदिवस असायचा. पण दबदबा बीथोव्हनचाच. त्याच्यात एक ताण आहे, एकाच जागी घुटमळणं आहे, आणि गाडी मागे घेणाऱ्या माणसाची मनःस्थिती बरोबर अशीच असते. आमच्या वाड्यात एक पेटीवाले नाना होते, त्यांना मी एकदा हे वाजवून दाखवायला सांगितलं होतं. त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली, भाता हलवला आणि बोटाने चाचपत म्हणाले, प, तीव्र मध्यम, प, तीव्र मध्यम, प, मग रिषभ, शुद्ध मध्यम, कोमल गंधार, सा. पुन्हा एकदा वाजवून बघितलं. ‘दोन्ही मध्यम लावलेत. माणूस हट्टी दिसतो, पण सुरेल आहे,’ असा निकाल दिला. कोणाचं आहे, म्हणाले. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं.

पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला लागलो तेव्हा या धुनीचं घर बघायला मिळालं. बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे, तिथे दुकानांच्या फळीवर छोट्या छोट्या प्लास्टिकच्या डब्या असतात, आणि काउंटरवरचा मुलगा तुमच्या तोंडाकडेही न बघता रेझिस्टन्स मोजून पुडीत टाकतो. तिथे यूएम ६६ मिळायचं. नुसतं ‘म्युझिक आयसी’ म्हटलं तरी चालायचं. तीन पायांचा काळा ठिपका, अगदी ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा, नखाएवढा. आत एका धुनीचे ६४ सूर कायमचे कोरलेले. पुढचा आकडा बदलला की धून बदलते. दोन पेन्सिल सेल, एक बीसी ५४८ ट्रान्झिस्टर, एक छोटा स्पीकर, की झालं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा पहिला प्रोजेक्ट म्हणजे हेच, खोक्यात घालून ‘म्युझिकल डोअरबेल’ म्हणून. सोल्डरिंगच्या राळेचा तो गोडसर धूर, चटका बसलेलं बोट तोंडात, आणि बटन दाबल्यावर चेंगरलेल्या डासाच्या आवाजात सुरू होणारा बीथोव्हन. तोंडी परीक्षेला बाहेरचे सर यायचे आणि कंटाळून म्हणायचे, ‘बेल का? वाजव.’ वाजली की पास. आमच्या बॅचमध्ये एकाची बेल बटन सोडल्यावरही बंद होईना. सरांना त्या दिवशी ६४ च्या ६४ सूर ऐकावे लागले, आणि मला वाटतं त्या खोलीत एवढं ऐकलेला तो एकच माणूस होता. त्याच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसला नाही.

ही चिप एकदा घरात शिरली ती सगळीकडे पसरली. भेटकार्ड उघडलं की वाजायचं, आणि मिटलं तरी कधीकधी कपाटात क्षीणपणे वाजत राहायचं. लिफ्टची जाळी उघडी राहिली की वाजायचं. एकजण दार न लावता गेला की अख्ख्या जिन्याला जिंगल बेल्स, तीही मे महिन्यात. पण सगळ्यात मोठा अध्याय गणपतीतल्या माळांचा. मखराला लावायच्या त्या चायनीज माळांना एक छोटी डबी असायची, डबीवर बटन, बटन दाबलं की दिव्यांची उघडझाप बदलायची आणि आतून संगीत यायचं. ते बंद कसं करायचं हे डबीवर लिहिलेलं नसायचं. आमच्या घरी सलग काही वर्षं भाद्रपदात, गौरी जेवत असताना, जिंगल बेल्स वाजत असे. समोर पुरणपोळ्या, सोळा भाज्या, केवड्याचा वास, आणि मागे बर्फावरून घसरगाडी. आजीला ते मनापासून आवडायचं. ‘किती गोड भजन आहे, टाळासकट,’ म्हणायची. काकूने एकदा तिला सांगायचा प्रयत्न केला की हे नाताळचं आहे. आजीने विचारलं, ‘गाण्यात नाव आहे का त्यांच्या देवाचं?’ आता खरी गोष्ट अशी की जेम्स पिअरपाँटने १८५७ साली छापलेल्या त्या गाण्यात नाताळचा उल्लेखच नाही. घोडा आहे, गाडी आहे, घंटा आहेत. आजी न वाचता बरोबर होती. माळ तशीच चालू राहिली.

मराठी माणूस कुठेही गेला तरी नातेवाइकांना फोटो पाठवतो, त्या रिवाजानुसार माझा भाचा तैवानमधून फोटो पाठवतो. तो शिन्चूला चिपच्या कारखान्यात आहे. एकदा त्याने व्हिडिओ पाठवला. रात्रीची वेळ, ओली गल्ली, स्कूटरच्या रांगा, आणि लोक हातात पिशव्या घेऊन घरातून घाईघाईने बाहेर येतायत. आणि दुरून, हळूहळू मोठा होत, बीथोव्हन. मी अर्थातच म्हटलं, अरे कुणाची गाडी मागे येतेय? तो म्हणाला, मामा, ही घंटागाडी आहे. तिकडे कचरा रस्त्यावर ठेवायचा नाही, गाडी आली की स्वतः नेऊन टाकायचा असा नियम. त्यामुळे ती येतेय हे कळावं म्हणून काही गाड्या बीथोव्हन लावतात आणि काही ‘कुमारिकेची प्रार्थना’ नावाची पियानोवरची रचना, वॉर्सातल्या टेक्ला बोंदाझेव्स्का या बाईंची, १८५६ सालची. भाच्याचं आता असं झालंय की तो एका मित्राकडे जेवायला गेला, तिथे कुणीतरी पियानोवर हेच वाजवलं, आणि हा ताटावरून उठून कचऱ्याचा डबा शोधायला लागला. मला फार बरं वाटलं. घराण्यात हे आहे म्हणायचं. आणि गंमत अशी की माझं ते यूएम ६६ ज्या कंपनीचं, तीही त्याच शिन्चूची. एकाच गावातून निघालेली धून एका टोकाला कचरा बोलावते आणि दुसऱ्या टोकाला माणसं पळवते. मधे तो व्हिएन्नातला बुवा, त्याचा तर हस्तलिखित कागदही हरवला. त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १८६७ साली, हे छापलं गेलं, आणि ज्या एलिझेसाठी म्हणून लिहिलं ती कोण यावर विद्वान अजून भांडतायत. एलिझे कुणी का असेना, तिच्यासाठी लिहिलेलं वाजलं की दुसऱ्या मजल्यावरचे काका घरी आलेत, एवढं आम्हाला खात्रीने माहीत होतं.

अर्धवट ऐकण्याची ही सवय फोननेही जोपासली. नोकियाची ती प्रसिद्ध धून म्हणजे फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ सालच्या रचनेतला तुकडा. पण एसटीत ती वाजली की निम्मी बस आपापले खिसे चाचपायची आणि तेवढ्यात कुणीतरी ‘हॅलोऽऽ, आवाज येतोय का’ करून तिचा गळा दाबायचा. कॉलर ट्यूनचं गणित आणखी वेगळं. समोरच्याने फोन उचलला की गाणं तुटतं. म्हणजे जी माणसं पटकन फोन उचलतात त्यांची गाणी मला धड माहीत नाहीत, आणि जी उचलतच नाहीत त्यांची पाठ आहेत. आमच्या प्लंबरची ट्यून मी अंतऱ्यासकट म्हणू शकतो. एका मित्राचे वडील गेले तेव्हा मी त्याला फोन केला. काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होतो, आणि कानात जोरदार कोळीगीत सुरू झालं, ढोलकी, खणखणीत कोरस. तो कुठेतरी माणसांच्या गर्दीत असणार, उचलायला वेळ लागला. मी डोळे मिटून उभा होतो आणि माझा पाय ठेक्यावर हलत होता. ते थांबवता येईना. त्याने फोन उचलला तेव्हा माझं जुळवलेलं वाक्य निघून गेलं होतं. मी नुसतं ‘अरे’ म्हटलं, तोही ‘हो रे’ म्हणाला.

मार्च २०२० मध्ये सरकारने सगळ्यांच्या फोनवर एकच ट्यून लावली, आणि तिची सुरुवात खोकल्याने. मिरजेच्या मावशीने मला फोन केला, तिकडून खोकला ऐकला, आणि मी हॅलो म्हणायच्या आत, ‘आधी वाफ घे, मग बोल.’ मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, ‘ते असू दे, वाफ घे.’

पूर्ण, शेवटपर्यंत ऐकलेली अशी एकच धून मला आठवते, आकाशवाणीची. ती कुणी मधे तोडत नसे, कारण त्या वेळी तोडायला जागं कोण असणार? पहाट, आजोबांच्या रेडिओचा पिवळा उजेड, स्वयंपाकघरात दूध तापत असलेलं, आणि तंबोऱ्यावर उलगडत जाणारं ते व्हायोलिन, जरासं उदास, शिवरंजनीच्या वाटेने जाणारं. लहानपणी मला ते फार पुरातन वाटायचं, ऋषिमुनींनी वगैरे केलेलं. ते केलं वॉल्टर कॉफमन यांनी, १९३६ च्या सुमारास. प्रागहून नाझींच्या भीतीने १९३४ साली मुंबईत आलेला ज्यू संगीतकार. त्यालाही आमचं गाणं आधी काही कळलं नव्हतं म्हणतात. मग ठिय्या देऊन बसला, शिकला. १९४६ ला गेला, धून इथेच राहिली. बीथोव्हनचे आम्ही नऊ सूर ठेवून घेतले आणि बाकीचे परत पाठवले. कॉफमनचं मात्र सगळं ठेवून घेतलं आणि नाव परत पाठवलं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकला नितीन गडकरी यांनी भाषणात सांगितलं की रुग्णवाहिकेच्या सायरनऐवजी आकाशवाणीची ही धून लावावी असा आपला विचार आहे, आणि गाड्यांचे हॉर्न बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियम अशा वाद्यांच्या आवाजात असावेत असा कायदा करायचाय. आमच्या कट्ट्यावर यावर बराच खल झाला. एकाचं म्हणणं, आकाशवाणीची धून ऐकली की आपल्या पिढीचा रुग्ण स्ट्रेचरवर उठून बसेल आणि दूध आणायला निघेल. दुसऱ्याची चिंता तबल्याची. सिंहगड रोडला संध्याकाळी सातला सगळ्यांनी मिळून तबला लावला तर सम कोण दाखवणार? कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम आधीपासूनच सांगतो की एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न गाडीला लावायचा नाही. म्हणजे एकच सूर, तोच तोच. याचं पालन आपण किती निष्ठेने करतो हे कुठल्याही सिग्नलला ऐकून घ्यावं.

आता रिव्हर्सच्या धुनी जवळजवळ गेल्याच. नव्या गाड्या टुक-टुक-टुक करतात, भिंत जवळ आली की टुकटुकटुक, आणि समोर पडद्यावर रंगीत रेघा. गाडी लावणाऱ्याला याचा उपयोग पुष्कळ आहे. मागे उभ्या असलेल्याला काय? धून त्याच्यासाठी होती, हा आवाज आतल्यासाठी आहे. मला वाईट वाटतं का? खरं सांगायचं तर दुपारी डोळा लागलेला असताना ‘हॅपी बर्थडे’ने दहा वेळा उठवलं गेलेल्या माणसाला वाईट वाटायचं कारण नाही. तरी कधी एखाद्या जुन्या टेम्पोच्या ढुंगणाशी तो पातळ, पत्र्याचा बीथोव्हन ऐकू आला की मी थांबतो. वाट देतो. थोडी जास्तच देतो.

आणि तिकडे युरोपात उलट वारं. विजेवरच्या गाड्यांना आवाजच नाही, लोक खाली येतील, म्हणून २०१९ पासून नव्या मॉडेलना ताशी वीस किलोमीटरच्या आत आणि मागे येताना कृत्रिम आवाज काढणं सक्तीचं. बीएमडब्ल्यूने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी हान्स झिमर या सिनेमावाल्या संगीतकाराला बसवलं. आमच्या ॲक्सेसरीजवाल्याने हेच काम कधीच करून ठेवलं होतं, तेही फिटिंगसकट.

हा विषय शेवटी आमच्या सोसायटीच्या सभेत आलाच. सी विंगच्या कुणीतरी इलेक्ट्रिक गाडी घेतली, ती मागून येते ते कळत नाही, एका आजींच्या भाजीच्या पिशवीला लागली, अशी लेखी तक्रार. सेक्रेटरींनी विचारलं, काय करायचं? एकाने मंत्रोच्चार सुचवला. त्याला लगेच हरकत, पार्किंगमध्ये चपला असतात. एकाने राज्यगीत म्हटलं, तर मग गाडी लागेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं का, असा प्रश्न निघाला. मी बीथोव्हन सुचवला, पूर्ण, मधल्या ओळीसकट. पण तेवढा वेळ गाडी मागे न्यायला आमचं आवार पुरणार नाही, हे खजिनदारांनी दाखवून दिलं. वॉचमन दाराशी उभे होते. ते म्हणाले, ‘म्या हाय की.’ ते कुणी इतिवृत्तात घेतलं नाही. शेवटी तीन जणांची उपसमिती नेमायचं ठरलं आणि अध्यक्षपद ए विंगच्या आप्पांकडे गेलं. आप्पांनी मानेने होकार दिला. सभा सुरू झाली की ते कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात.